स्वयंपाकघरातला राष्ट्राध्यक्ष

वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या एका भिंतीवर देव होते आणि समोरच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्ष. देवांना लाकडी फळी होती, राष्ट्राध्यक्षांना काचेची चौकट, खिळा आणि चंदनाच्या मण्यांचा हार. देवांचं आई बघायची. राष्ट्राध्यक्षांची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं, दर शनिवारी सकाळी, खिडक्या पुसायच्या निळ्या पाण्यानं. हार उतरवायचा, काच पुसायची, हार झटकून परत घालायचा. मी हे पाच-सहा वर्षं केलं. त्यामुळे तो चेहरा मला जवळच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ होता. दाट केस, रुंद जबडा, मागे झेंडा, पुढे मोठं टेबल, टेबलाच्या कडेला टेकलेला एक हात. आणि हसू. त्या हसण्यात वरचा डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. पुढे मी दातांची डॉक्टर झाले, तेव्हा लोक विचारायचे की हे वेड कुठून आलं. मी म्हणायची, घरातूनच.

बाबा नागपुरात कॉलेजात असताना ज्या तरुण अमेरिकन राष्ट्राध्यक्षाला गोळी घातली गेली, तो हा. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे, आणि पुढचं वाचलंत की नाव न घेणं बरं हे तुम्हालाही पटेल. ती बातमी आली तेव्हा हॉस्टेलच्या मुलांनी शोकसभा ठरवली. सभेला फोटो हवा. बाबा सायकल काढून सीताबर्डीवरच्या रद्दीवाल्याकडे गेले. तिथे अमेरिकन मासिकांचा गठ्ठा होता, गुळगुळीत कागदाचा. त्यातलं एक अख्खं पान त्यांनी निवडलं, खालची छापील ओळ चौकटीत मावेना म्हणून कापून टाकली आणि काच लावून घेतली. सभेत दोन मिनिटं शांत उभं राहून मुलं मेसमध्ये जेवायला गेली. बाबा मात्र तो फोटो खोलीवर घेऊन आले. "हा माणूस असा हसतो तो देश बघायचाच," असं त्यांनी तेव्हा ठरवलं, हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की बाबा 'हा माणूस' म्हणाले की आई 'देश बघायचाच' म्हणून पुरं करायची. पुढे शिष्यवृत्ती, इथलं विद्यापीठ, मग हायवेलगतच्या औषधांच्या लॅबमध्ये नोकरी. मी चार वर्षांची असताना आई आणि मी आलो. आईच्या बॅगेत पोळपाट, लाटणं, बाळकृष्ण, आणि दोन लुगड्यांमध्ये गुंडाळलेला हा फोटो होता. फोटोची काच फुटली नाही, पोळपाटाचा मात्र एक पाय मोडला.

वेस्ट विंडसर तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. आज तिथे रविवारी दूध आणायला गेलं तरी चार मराठी माणसं भेटतात. तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला मक्याचं शेत होतं, आणि स्टेशनातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीचा भोंगा थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आई त्या भोंग्यावर वेळ धरून कुकर बंद करायची. चण्याची डाळ मिळत नसे, म्हणून पुरणपोळ्या सुपरमार्केटातल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीच्या. त्या वाईट लागत नाहीत. रोज दुपारी मला पाटावर नव्हे तर टेबलाशी बसवून आई एक पान मराठी शुद्धलेखन घालायची आणि दर रविवारी आजीला पानभर पत्र. मला ते अजिबात आवडायचं नाही. पण आज हे लिहू शकतेय ते त्या पानांच्या जिवावर, हे कबूल करते आणि पुढे जाते.

आईनं एकदाच त्या फोटोबद्दल शंका काढली होती. ती कापडाच्या दुकानात कामाला लागली होती, तिथे सुट्टे पैसे देताना तिच्या हाती अर्ध्या डॉलरचं नाणं आलं, त्याच्यावर राष्ट्राध्यक्षांचा चेहरा. तिनं नाणं फोटोशेजारी धरलं.

"अहो, नाक वेगळं दिसतं."

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "नाण्यावर एकाच बाजूचं नाक असतं."

"हनुवटी पण."

"माझ्या पासपोर्टवरचा फोटो बघ. तो तरी माझ्यासारखा दिसतो का?"

हे खरं होतं. पासपोर्टवर बाबा एखाद्या फरार मुनिमासारखे दिसायचे. आईनं नाणं पर्समध्ये टाकलं आणि विषय संपला. दुसऱ्या फोटोंत, टीव्हीवर, पुस्तकांत बाबांनी खरा चेहरा बघितला नसेल का? शेकडो वेळा बघितला असणार. पण विसाव्या वर्षी जो चेहरा डोळ्यांत बसला, त्याच्यावरून ते बाकीचे चेहरे बघत होते. मी रोज पेशंटच्या तोंडात आरसा घालून बघते की माणसाला स्वतःच्या तोंडात काय चाललंय तेही दिसत नाही, तेव्हा मला याचं फार नवल वाटत नाही. तेव्हा मात्र वाटलं होतं.

मी आठवीत होते त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. बाबांना नागरिकत्व मिळालं, म्हणजे पहिल्यांदा मत देता येणार. आणि त्याच निवडणुकीत एक जुना सिनेनट राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मराठी कुटुंबं जमायची. गाद्या जमिनीवर, पुरुष टीव्हीसमोर, बायका स्वयंपाकघरात, आणि दोन्हीकडे सारखाच आवाज. दामले काका, बाबांच्या लॅबमधलेच, मुंबईचे, त्या नटाच्या बाजूनं होते.

"यार, माणूस बोलतो कसा बघ ना," काका म्हणायचे. "कॅमेऱ्याकडे बघून बोलला की वाटतं, आपल्याशीच बोलतोय."

"तेच तर त्याचं काम होतं," बाबा. "पगार घेऊन तीस वर्षं तेच केलं त्यानं. पाठ केलेलं बोलायचं. नट आहे तो, नट! दामले, उद्या तुझ्या हार्टचं ऑपरेशन डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाकडून करून घेशील?"

"तुझा तो भिंतीवरचा काय कमी देखणा होता? लोकांनी हसू बघूनच निवडला त्याला."

"तो खरा होता," बाबा म्हणायचे, आणि हात स्वयंपाकघराच्या दिशेनं करायचे. "खरा माणूस आणि सोंग यात फरक असतो. दिसतो तो. बघणाऱ्याला दिसतो."

हे 'बघणाऱ्याला दिसतो' मी त्या शरद ऋतूत किमान चार शनिवार ऐकलं.

आमच्या शाळेत समाजशास्त्र शिकवणारे मिस्टर पेल यांनी निवडणुकीच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात एक कार्यक्रम ठेवला. गावातल्या नव्या नागरिकांनी येऊन सांगायचं की आम्ही या देशात का आलो. एक हंगेरियन बेकरीवाला, एक क्युबाहून आलेल्या नर्सबाई, आणि माझे बाबा. सोबत एखादी वस्तू आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. बाबा कोणती वस्तू नेणार हे विचारायची गरज नव्हती. बाबांनी तीन आठवडे भाषण लिहिलं. न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून इंग्रजी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घोटले. सभागृहात साडेतीनशे खुर्च्या आहेत याची त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. लॅबमध्ये त्यांचं म्हणणं कुणी फारसं ऐकून घेत नसे, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की या माणसाला इतकं खूश आपण कधी बघितलेलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या गुरुवारी मला ताप आला. आई दुकानात कामावर गेलेली, म्हणून मला शेजारच्या मिसेस हॅरिगन यांच्याकडे ठेवलं. त्या सत्तरीच्या, एकट्या, घरात कायम टीव्ही चालू. त्यांनी मला सोफ्यावर झोपवलं, आल्याचा सोडा आणि खारी बिस्किटं दिली, आणि स्वतः इस्त्री करत बसल्या. दुपारी कुठलीशी जुनी मालिका लागली होती, काळी-पांढरी. मी अर्धवट झोपेत होते. एक दार उघडलं, एक माणूस आत आला, टेबलाच्या कडेला टेकला आणि हसला.

दात.

मी उठून बसले. मला वाटलं, तापानं होतंय. वरचा, डावीकडचा, शेजारच्यावर चढलेला. मी तो दात पाच वर्षं निळ्या पाण्यानं पुसत होते. मागे झेंडा होता. टेबल तेच होतं. माणूस चालत होता, बोलत होता, फोन उचलत होता.  देवाच्या फळीवरून बाळकृष्ण उतरून दूध मागायला लागला असता तरी मी इतकी हादरले नसते, कारण त्याच्याकडून तशी अपेक्षा तरी असते.

"मिसेस हॅरिगन, हा कोण?"

त्यांनी त्या नटाचं नाव सांगितलं. तेही मी लिहीत नाही, त्याची नातवंडं असतील. "आमच्या वेळी सगळ्या बायका याच्यावर मरायच्या," त्या म्हणाल्या. "या मालिकेत तो तरुण सेनेटर होता. तेव्हा खरोखरचा तो तरुण राष्ट्राध्यक्ष होता ना, त्याची हवा होती, म्हणून यांनी तसेच केस कापलेला, तसाच उभा राहणारा माणूस आणला. मग लोक म्हणायला लागले की राष्ट्राध्यक्षच याची नक्कल करतो. कोण कुणाचं बघून करत होता देव जाणे. पण तुला काय सांगायचं, तुमच्या घरी तर त्याचा फोटोच आहे!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"का नसणार? पहिल्यांदा साखर मागायला आले तेव्हाच बघितला. मला वाटलं, तुझे वडील मालिकेचे चाहते आहेत. माझ्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांच्यात टीव्हीच्या नटांनाही माळ घालत असतील."

"तो मेला का?"

"छे गं! आता कॉफीच्या जाहिरातीत असतो. जरा सुटलाय, बस."

संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला कोट काढू दिला नाही, आधी सांगितलं. तिनं पहिल्यांदा माझ्या कपाळावर हात ठेवला. मग मी तिला दात सांगितला, झेंडा सांगितला, मिसेस हॅरिगन सांगितल्या. आई हळूहळू खुर्चीवर बसली. मला वाटलं, ती बाबांच्या भाषणाबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "जिवंत माणूस?"

"हो."

"अगं सुनी, जिवंत माणसाच्या फोटोला आपण हार घालतोय! नऊ वर्षं!"

ती ताडकन उठली, स्टूल ओढलं आणि हार उतरवला. "कुणाच्या लेकराला दर वर्षी मारून टाकतोय आपण," ती पुटपुटत होती. हार पदरात धरून ती देवांसमोर उभी राहिली, काहीतरी म्हणाली, बहुधा त्या नटासाठी आयुष्य मागितलं. आमच्यात हार फक्त गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, हे त्या मालिकेवाल्याला कुणी सांगितलं असतं तर त्याला घाम फुटला असता. आज मला हे आठवून हसू येतं. त्या दिवशी मीही आईच्या मागे उभं राहून हात जोडले.

मग आम्ही दोघी मुद्द्यावर आलो. बाबांना सांगायचं की नाही. मी म्हटलं, सांगू या. आई म्हणाली, "त्यांनी आजच सूट इस्त्रीला दिलाय." हे काही उत्तर नव्हतं, पण मला पटलं. इतक्यात बाबा आले. बूट काढायच्या आधी भिंतीकडे बघितलं.

"हार कुठाय?"

"धुवायला काढला," आई म्हणाली.

"चंदनाचा हार धुतात?"

"शनिवारी सगळ्यांसमोर न्यायचाय ना."

बाबांना हे फार आवडलं. "बघ," ते मला म्हणाले, "तुझ्या आईला वाटतं तिला राजकारणातलं काही कळत नाही." आणि त्यांनी तो हार तिच्या हातातून घेऊन स्वतःच परत घातला. आईनं डोळे मिटून घेतले. शुक्रवारीही आम्ही सांगितलं नाही. बाबा जेवताना भाषणातली वाक्यं म्हणून दाखवत होते, आई त्यांना आणखी एक पोळी वाढत होती, आणि मी ताप उतरलेला असूनही ताप असल्यासारखी गप्प होते.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पायऱ्यांवर भोपळे ठेवले होते, कुणीतरी कोरलेले आणि आता कडेनं सुकलेले. दामले काका-काकू दुसऱ्या रांगेत, त्यांच्या मागे मिसेस हॅरिगन. बेकरीवाल्यानं आपल्या आजोबांचं लाटणं दाखवलं. नर्सबाईंनी एक छोटा बूट दाखवला, त्यावर सगळे हळहळले. मग बाबा उठले. निळा सूट, हातात कागद. कागदाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. नागपूरचं हॉस्टेल, सकाळी रेडिओवर आलेली बातमी, ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याच्यासाठी रांगेत उभी राहिलेली मुलं, रद्दीवाल्याचा गठ्ठा. "आमच्या देशात," ते म्हणाले, "आपलं माणूस गेलं की त्याच्या चित्राला आम्ही असा हार घालतो. हा माणूस माझ्या घरात आपलं माणूस म्हणून राहतो." आणि त्यांनी दोन्ही हातांनी फोटो डोक्यावर उचलला.

मला वाटलं, आता हशा येणार, कुणीतरी ओरडणार. काहीच झालं नाही. तिथून कुणाला दिसणार होतं? केस, झेंडा, टेबल, हार. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं पर्समधून रुमाल काढला. मग आणखी एकीनं. मिस्टर पेलनी चष्मा काढून हातात धरला. अख्खं सभागृह, त्या राष्ट्राध्यक्षाला मत दिलेली, त्याच्या मागे चाललेली, त्याच्यासाठी रडलेली मोठी माणसं, एका टीव्हीनटाकडे बघून डोळे पुसत होती. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मला तेरा वर्षांच्या आयुष्यात इतका धक्का बसला नव्हता. शाळेत शिकवलेलं सगळं, निवडणूक, मत, नेता, एका फोटोच्या खिळ्याला लटकतंय असं वाटलं.

खरी गोष्ट त्याच्यानंतर घडली. बाहेर कॉफी आणि चॉकलेटच्या वड्या ठेवल्या होत्या. बाबांनी फोटो टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतः शेजारी उभे राहिले. लोक हात मिळवायला येत होते. लांबून येताना प्रत्येकाचे डोळे ओले. टेबलापाशी येऊन फोटोकडे वाकायचे, आणि चेहरा बदलायचा. एक क्षण. भुवया वर, तोंड किंचित उघडं. मग बाबांकडे बघायचे, तोंड मिटायचे, आणि म्हणायचे, "थँक यू. खूप सुंदर बोललात." रुमालवाली बाई आली, तिचंही तेच. मिस्टर पेल आले, जरा जास्त वेळ वाकून बघितलं, आणि बाबांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवला. मिसेस हॅरिगन लांब उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांना दिसतंय ना?"

"हो."

"मग?"

"कुणी बोलत नाहीये."

"चांगली माणसं आहेत गं," आई म्हणाली. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

गाडीत फोटो माझ्या मांडीवर होता. मक्याच्या शेतापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आरशातून माझ्याकडे बघितलं.

"सुनी, मी रसायनांचा माणूस आहे," ते म्हणाले. "एकदा रंग बदलला तर माझी चूक असू शकते. अकरा वेळा बदलला तर तो निकाल असतो. अकरा माणसं फोटोपाशी वाकली आणि अकरा जणांचा चेहरा बदलला. काय आहे त्या फोटोत?"

आईनं हळूच "अहो" म्हटलं. मी सांगून टाकलं. मालिका, सेनेटर, दात. कॉफीची जाहिरात. दामले काकांशी भांडताना बाबा वापरायचे तो शब्दही माझ्या तोंडून निघाला: नट. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ते काढले नाहीत. मला वाटलं ते ओरडतील, नाहीतर म्हणतील हे शक्य नाही.  त्यांचा चेहरा मला आरशात डोळ्यांपुरता दिसत होता, आणि डोळे कुठेच बघत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून."

"आणि तुला?"

"गुरुवारपासूनच," आई म्हणाली. "तुमचा सूट..."

"त्या लोकांना मी परका आहे," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं इतका. "परक्याला कोण तोंडावर सांगतं? ते गप्प बसले ते समजलं. तुम्ही का बसलात?"

 बाबांनी गाडी सुरू केली. घरी येऊन फोटो भिंतीला पाठ करून जमिनीवर ठेवला. रविवार आणि सोमवार त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला, आमच्याशी गरजेपुरतं बोलले. आई एकदा त्यांना समजवायला गेली की तुमच्या भल्यासाठीच. ते म्हणाले, "ते अकरा जण पण हेच म्हणतील." मला आजवर कुणी मारलं नाही, पण मारलं असतं तर काय वाटलं असतं हे मला त्या दोन दिवसांत कळलं. नटाचा धक्का खरं तर गाडीतच विरला होता. माझ्या वडिलांनी मला त्या अकरांच्या रांगेत उभं केलं होतं, बारावी म्हणून, हे मात्र विरत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाबांनी तोच निळा सूट घातला आणि पायी मत द्यायला गेले. कुणाला दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. रात्री टीव्हीवर तो सिनेनट जिंकला. दामले काकांचा फोन आला, आवाज मला लांबून ऐकू येत होता. "काय मग? आता नट देश चालवणार, यार!"

बाबा म्हणाले, "तुमच्याकडे आज निवडून आला. आमच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं नटच आहे." आणि फोनवर अख्खी गोष्ट सांगितली, स्वतः, एकही गोष्ट न लपवता, अकरा माणसं धरून. पलीकडे दामले काका आधी हसत होते, मग थांबले. "अरे, मग मीही तर बघतच होतो की रे," ते म्हणाले, ते मला बाबांनी नंतर सांगितलं. "मला कुठे दिसलं?"

फोन ठेवून बाबा स्वयंपाकघरात आले. खाली ठेवलेला फोटो उचलला, हार काढून आईच्या हातात दिला आणि फोटो परत त्याच खिळ्याला लावला.

"लावताय?" आईनं विचारलं.

"मी आलो तो यालाच बघून. दुसऱ्या कुणाला बघून आलो असं आता कसं म्हणू? पण हार नको. जगू दे त्याला." मग माझ्याकडे वळले. तीन दिवसांत पहिल्यांदा. "यापुढे या घरात ज्याला जे दिसेल त्यानं ते त्याच दिवशी सांगायचं. जेवणाआधी."

हा आमच्याकडचा नियम झाला. मी तो पाळला, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. माझ्या नवऱ्याला लग्नाआधी मी सांगितलं होतं की तुझी आई मला आवडलेली नाही, आणि ती तेव्हा शेजारच्या खोलीत होती. दवाखान्यात मी पेशंटला दात काढावा लागेल हे खुर्ची सरळ करायच्या आधी सांगते. काहींना ते खटकतं, ते दुसरीकडे जातात. बरेच टिकतात.

फोटो तसाच राहिला, बिनहाराचा. आई गेली तेव्हा तिच्या फोटोला मी नवीन हार आणला, कारण तो जुना तिला चालला नसता असं मला वाटलं. बाबा नंतर माझ्याकडे राहायला आले आणि फोटोही आला. दोनेक वर्षांपूर्वी एका सकाळी मी नाश्त्याच्या टेबलाशी फोन बघत होते. छोटीशी बातमी होती. म्हाताऱ्या टीव्हीनटाचा वृद्धाश्रमात शांतपणे मृत्यू, एका जुन्या मालिकेतल्या तरुण सेनेटरच्या भूमिकेसाठी स्मरणात. सोबत फोटो होता. म्हातारपणीही तो हसताना दात तसाच दिसत होता. त्यानं तो कधीच सरळ करून घेतला नव्हता, याचं एक डॉक्टर म्हणून मला आश्चर्य वाटलं. मी बाबांना लगेच सांगितलं. पोहे अजून ताटलीत घेतले नव्हते.

बाबांनी भिंतीकडे बघितलं. "हार कुठाय?"

तो ड्रॉवरमध्ये होता, आईच्या शिवणाच्या डब्यात. दोरा कुजला होता, मणी सुटे झाले होते. मी दात साफ करायचा रेशमी दोरा आणला, तो तुटत नाही, आणि मणी त्यात ओवले. दोन-तीन कमी भरले. बाबा माझ्या शेजारी उभे राहून हातात धरलेली काठी टेकवत वाट बघत होते. मी हार त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोटोपर्यंत नेला आणि तिथेच थांबले.

"नक्की गेलाय ना?" ते म्हणाले. "दुसऱ्या पेपरात पण बघ. एकदा घाई केली होती मी."

मी दुसरा पेपर उघडला, तिसराही उघडला, आणि दोन्हीकडची बातमी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. मग त्यांनी हार घातला.